गोदाकाठचे सचखंड

नांदेडच्या जुन्या वस्तीत, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर, तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब उभे आहे. नांदेडकर त्याला नुसते ‘गुरुद्वारा’ म्हणतात, तर पंजाबातून येणारे यात्रेकरू ‘हजूर साहिब’. शीख पंथाची पाच तख्ते, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठे, मानली जातात. अमृतसरचे अकाल तख्त, आनंदपूरचे केशगढ साहिब आणि तलवंडी साबोचे दमदमा साहिब ही तीन पंजाबात आहेत, चौथे बिहारमधील पाटण्यात आणि पाचवे नांदेडला. दक्षिणेत असलेले हे एकमेव तख्त. पंजाबपासूनच्या या अंतरानेच त्याचा इतिहास घडवला.

त्या इतिहासाची सुरुवात १७०८ सालची. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर तख्तावर आलेला बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत निघाला होता. दहावे गुरू गोविंदसिंग याच सुमारास त्याच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडला गोदाकाठी थांबले. तिथे माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. गुरूंच्या भेटीनंतर हा बैरागी त्यांचा शिष्य झाला आणि बंदासिंग बहादूर या नावाने पंजाबकडे गेला. १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले. पंजाबातल्या मोगली सत्तेला हादरवणाऱ्या त्या उठावाची पहिली आज्ञा गोदावरीच्या काठी मिळाली होती.

नांदेडच्या मुक्कामातच एका पठाणाने गुरूंवर कट्यारीचा वार केला. हा मारेकरी सरहिंदचा सुभेदार वजीरखान याने पाठवला होता, असे परंपरा सांगते. जखम शिवली गेली, पण ती पुन्हा उघडली आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंचे देहावसान झाले. त्याआधी त्यांनी पंथाला एक निर्णय दिला. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथसाहिब हाच गुरू. हा निर्णय ‘गुरु-ता-गद्दी’ म्हणून ओळखला जातो. नांदेडचे शीख जगतातील स्थान या दोन घटनांवर उभे आहे. इथे दहाव्या गुरूंचा देह अग्नीला दिला गेला आणि इथेच ग्रंथाला गुरुपद मिळाले.

चितेच्या जागी मागे राहिलेल्या शिखांनी लहानसे स्थान उभारले. त्याला ‘अंगीठा साहिब’ म्हणतात. आजच्या वास्तूचा गाभारा तोच. पुढे मराठवाडा निजामाच्या अमलाखाली आला आणि पंजाबपासून तुटलेली थोडी कुटुंबे शतकभर या स्थानाची देखभाल करत राहिली. मोठी इमारत उभी राहिली ती १८३२ ते १८३७ या काळात, महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने. त्यासाठी पंजाबातून कारागीर आणि पैसा आला. त्यामुळे दख्खनच्या या गावात संगमरवर आणि सोनेरी घुमटाची, अमृतसरशी नाते सांगणारी वास्तू उभी राहिली.

याच सुमारास आणखी एक धागा जोडला गेला. निजामाचे दिवाण चंदुलाल यांच्या काळात लाहोरहून शीख शिपायांची तुकडी हैदराबाद राज्यात आली. ‘लाहोरी फौज’ म्हणून तिची ओळख राहिली. तिच्यातले अनेक जण परत गेले नाहीत. हैदराबाद, नांदेड आणि आसपासच्या भागात ते स्थायिक झाले आणि त्यांच्यापासून ‘दखनी शीख’ हा समाज वाढला. घरात दखनी बोली, बाजारात मराठी किंवा तेलुगू आणि गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी अशा तीन भाषांत त्यांच्या पिढ्या वावरल्या. महाराष्ट्रात विखुरलेल्या शिकलगार आणि बंजारा शिखांसाठीही हजूर साहिब हेच जवळचे श्रद्धास्थान ठरले.

अंतराचा सर्वांत ठळक परिणाम दिसतो तो इथल्या मर्यादेत, म्हणजे उपासनेच्या रीतीत. पंजाबात विसाव्या शतकाच्या आरंभी गुरुद्वारा सुधारणेची चळवळ झाली, १९२५ मध्ये कायदा आला आणि बहुतेक ठिकाणच्या पूजापद्धती एकसारख्या झाल्या. निजामाच्या राज्यातले नांदेड त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणून पंजाबात मागे पडलेल्या कित्येक जुन्या रीती इथे आजही रोज पाळल्या जातात.

दिवस उजाडण्याच्या कितीतरी आधी ‘गागरिया सिंघ’ घागर घेऊन गोदावरीवर जातो. थंडी असो की पाऊस, नदीचे पाणी भरून तो तख्तावर आणतो आणि त्याच पाण्याने अंगीठा साहिब धुतला जातो. गाभाऱ्यात मुख्य जथेदारांखेरीज कोणालाही प्रवेश नसतो. तिथली सेवा करणारे हे जथेदार आजन्म अविवाहित राहतात. गाभाऱ्यासमोर गुरु ग्रंथ साहिबचा ‘प्रकाश’ होतो, म्हणजे ग्रंथ विधिपूर्वक उघडला जातो, आणि शेजारी दशम ग्रंथही ठेवला जातो. दिव्यांची ताटे ओवाळून सायंकाळची आरती होते. मग जतन केलेल्या तलवारी, ढाल आणि धनुष्यबाण एकेक करून संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, दाखवले जातात आणि प्रत्येक शस्त्राची ओळख सांगितली जाते. देवळातल्या काकड्याची आणि शेजारतीची सवय असलेल्या मराठी माणसाला या क्रमात ओळखीचे काही सापडते. शिखांच्या दृष्टीने मात्र ही पंथाने जपलेली जुनी ठेव आहे.

वर्षाच्या सणांमध्येही हेच वेगळेपण आहे. दिवाळीच्या सुमारास ‘तख्त स्नान’ होते. संगत रांगेने गोदावरीचे पाणी आणते, सारी वास्तू धुऊन निघते आणि शस्त्रांनाही स्नान घातले जाते. दसऱ्याला आणि होळीच्या वेळी ‘हल्ला महल्ला’ निघतो. निशान साहिब हा पंथाचा ध्वज, निहंग या शस्त्रधारी शिखांची पथके आणि गुरुद्वाऱ्याचे सजवलेले घोडे शहरातून जातात. ठरलेल्या जागी अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की जयघोष करत सारा जमाव धावत सुटतो. हा ‘हल्ला’ पाहायला नांदेडचे सर्व धर्मांचे लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे असतात.

गुरुद्वारा आणि गाव यांना रोजच्या रोज बांधून ठेवतो तो लंगर. इथे फार काळ खंडित राहिलेला मोठा लंगर बाबा निधानसिंग यांनी १९१२ च्या सुमारास पुन्हा सुरू केला, आणि त्यातून लंगर साहिब हा स्वतंत्र गुरुद्वारा वाढला. तिथे परातींत कणीक मळली जाते, लांबलचक तव्यांवर रोट्या भाजल्या जातात, आणि पंगतीत वाढणारा सेवादार त्यांना ‘प्रशादा’ म्हणतो. प्रशादा घेणाऱ्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची. यात्रेकरूच्या शेजारी हमाल, दवाखान्यात आलेल्या रुग्णाचे नातेवाईक, बसची वाट पाहणारे विद्यार्थी अशी सगळीच माणसे एका पंगतीत बसतात. जात किंवा धर्म कोणी विचारत नाही.

मराठी मुलखाशी या परंपरेचे नाते गुरूंच्या आगमनाहूनही जुने आहे. संत नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत. नामदेवांचे नरसी हे गाव नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेव भक्तीचा विचार घेऊन पंजाबात गेले आणि सुमारे चार शतकांनी त्यांची वाणी ग्रंथासह गोदाकाठी परत आली.

गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ पर्यंत निजामी व्यवस्थेच्या सावलीत राहिला. त्या वर्षी हैदराबाद राज्य संपुष्टात येण्याच्या थोडेच आधी नांदेड गुरुद्वाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १७ सदस्यांच्या मंडळाची तरतूद झाली. पुढे २०१५ मधील दुरुस्तीने मंडळाच्या अध्यक्षाच्या नेमणुकीचा अधिकार सरकारकडे गेला, तेव्हा शीख समाजातून विरोध उमटला. तख्त कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न इथल्या शिखांना जिव्हाळ्याचा वाटतो, कारण सव्वादोनशेहून अधिक वर्षे ते त्यांनीच सांभाळले होते.

२००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षे साजरी झाली. त्या निमित्ताने शहराचे रस्ते, पूल, नदीचे घाट आणि विमानतळ यांची मोठी कामे झाली. आज रेल्वे स्थानक हजूर साहिब नांदेड या नावाने ओळखले जाते आणि विमानतळाला गुरू गोविंदसिंगांचे नाव आहे. लॉज, हॉटेले, रिक्षा, कडे-किरपाणांची दुकाने असा बराच रोजगार यात्रेवर चालतो. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस सुमारे दोन हजार किलोमीटर पार करून अमृतसरला पोचते. वाटेतल्या स्थानकांवर सेवादार डाळ-रोटीची भांडी घेऊन उभे असतात आणि प्रवासी आपापले डबे पुढे करतात. ज्या अंतराने नांदेडच्या शिखांना शतकभर एकटे ठेवले, ते अंतर आता लंगराच्या पंगतीने जोडले गेले आहे.