फोन कुणाचा, निर्णय कुणाचा

लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक दंडाचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी, फाइल येते. इन्स्टॉल केली की ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर ठगाच्या हाती पडतो. हे अडवण्यासाठी फोनमालकाच्या मुभेला कुठवर कात्री लावायची, हा फोनसुरक्षा आणि फोनमालकाचे स्वातंत्र्य यांचा अभ्यास करणाऱ्या क्षेत्राचा मूळ प्रश्न. इथे येण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. कायदा, मानसशास्त्र, नीतिशास्त्र, कुठूनही यावे.

अँड्रॉइडमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घ्या. ती मिळालेले ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते, वापरणाऱ्याच्या वतीने बटणे दाबू शकते. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारे टॉकबॅक याच सोयीवर चालते; खाते रिकामे करणारे मालवेअरही हीच सोय मागते. सरसकट बंदी घातली तर ठगाबरोबर दृष्टिहीन माणूसही अडतो. या विषयातली खरी अवघड जागा मला इथे दिसते.

गूगलने फेब्रुवारी 2024 मध्ये सिंगापूरमध्ये एक प्रयोग जाहीर केला: ब्राउझर किंवा मेसेजिंगमधून उतरवलेले ॲप अशा संवेदनशील परवानग्या मागणारे असेल, तर ते इन्स्टॉलच होऊ द्यायचे नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कंपनी त्यापुढे गेली. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप चालवायचे तर ते बनवणाऱ्याने आधी स्वतःची ओळख पटवावी, असे तिने जाहीर केले. 2010 पासून मुक्त सॉफ्टवेअर वाटणाऱ्या एफ-ड्रॉइडने याला कडाडून विरोध केला. मला तो रास्त वाटतो, कारण ठगाला रोखण्याच्या निमित्ताने प्रत्येक ॲपची किल्ली एकाच कंपनीकडे जाते. सरकारचेही तेच: सुरक्षेच्या निमित्ताने ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून देण्याचा केंद्राचा आदेश डिसेंबर 2025 मध्ये काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये ‘ऑन लिबर्टी’त पुलाचे उदाहरण दिले आहे. पूल धोक्याचा आहे हे सांगायलाही वेळ नसेल, तर त्यावर पाऊल टाकणाऱ्याला धरून मागे ओढावे. त्यात त्याच्या स्वातंत्र्याला बाधा येत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नसते. ठगाची सारी भिस्त हा वेळ मिळू न देण्यावर असते. तो कॉल चालू ठेवतो, घाबरवतो, उसंत देत नाही. म्हणून अँड्रॉइड 16 मधील एक उपाय मला मोलाचा वाटतो: अनोळखी नंबरवरचा कॉल चालू असेपर्यंत ॲक्सेसिबिलिटीची परवानगी देताच येत नाही. कॉल संपला की निर्णय पुन्हा फोनमालकाचा.

असे थांबे नेमके कुणाला थांबवतात, हे मोजण्याचे काम बरेच बाकी आहे. मराठीत उमटणारा इशारा वाचणाऱ्याला कितपत कळतो, हेही गावोगावी बसून तपासायला हवे. त्यासाठी नवे अभ्यासक हवे आहेत.