नागोयाचा बेंजो

नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्यांत खापर नांवाचें बाजाराचें गांव आहे. मागें एका लग्नसराईंत तेथें एका वरातीपुढें आम्ही उभे होतों. ढोल घुमत होता, आणि त्याच्यावरून तारेचा एक धारदार स्वर कर्ण्यांतून निघून साऱ्या रस्त्यावर पसरत होता. वरात थांबतांच आम्हीं वाजविणारास वाद्याचें नांव विचारलें. "बेंजो, सर." "कुठला हा?" "कुठला म्हणजे? आपलाच." हें उत्तर इतिहासाच्या दृष्टीनें चुकीचें आहे, तरीहि आमच्या मतें तें खरें आहे. तें कसें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

नांवावरून वाचकांस अमेरिकेंतील बँजो आठवेल. पण दोहोंचा संबंध नांवापुरताच. तो बँजो गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनीं घडविला, व त्याचें तोंड चामड्यानें मढविलेलें असे. आपला बेंजो ही तारा ताणलेली एक लांबट पेटी. डाव्या हातानें टंकलेखनयंत्रासारखीं बटणें दाबलीं म्हणजे तार पट्टीवर टेकते, तिची लांबी कमी होते व स्वर चढतो. उजव्या हातांतील नखीनें ती छेडावयाची. ही युक्ति जपानांतील नागोया शहरीं मोरिता गोरो ह्यानें १९१२ सालीं काढली. त्याच वर्षीं ताइशो शक सुरू झाला, म्हणून वाद्याचें नांव ताइशोगोतो पडलें. आपल्याकडे तें बुलबुलतरंग झालें. आणि पुढें ध्वनिवर्धकास जोडलें जाऊन गणपतीच्या मिरवणुकींत व वरातींत बेंजो म्हणून नांदूं लागलें.

त्याच नागोयाची दुसरी हकीकत अशीच बोधप्रद आहे. होशिनो नांवाच्या पुस्तकांच्या दुकानानें १९०८ सालीं वाद्यविक्रीचें खातें उघडलें. पुढें तेथें साल्वादोर इबान्येझ ह्या स्पॅनिश कारागिराच्या गिटारी येऊं लागल्या, आणि कालांतरानें तेंच नांव होशिनोच्या स्वतःच्या मालावर चढलें. तीच आजची 'आयबानेझ' गिटार. विजेच्या गिटारीचें तत्त्व साधें आहे: पोलादी तारेखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. तार थरथरली कीं वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धक तिचा नाद करतो. हें तत्त्व हातीं येतांच जपानी कारखान्यांनीं प्रथम स्वस्त गिटारी परदेशीं धाडल्या, व १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकन नमुन्यांच्या हुबेहूब नकला केल्या. १९७७ सालीं गिब्सन गिटारींच्या मालक कंपनीनें होशिनोच्या अमेरिकेंतील शाखेवर फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत दावा लावला. वाद गिटारीच्या माथ्याच्या आकाराचा होता. तो आपसांत मिटला. पण तोंपर्यंत होशिनोनें आकार बदललाहि होता, आणि तो स्वतःचे नमुने काढूं लागला होता. १९८२ सालीं तर अमेरिकेच्या फेंडर कंपनीनेंच जपानांत भागीदारी केली आणि मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखान्यांत आपल्या गिटारी घडवून घेतल्या. जिची नक्कल झाली तीच नक्कल करणाराच्या दारीं गेली! १९८५ च्या न्यूयॉर्क येथील पंचराष्ट्रीय करारानंतर येनचा भाव चढला, आणि स्वस्त गिटारींचें काम हळूहळू कोरियाकडे सरकलें.

आमच्या आजोबांच्या पिढींत 'जपानी माल' म्हणजे हलका माल अशी समजूत असे. तिच्यामुळें एक सोय झाली आहे: ह्या जुन्या गिटारींचा संग्रह मध्यम प्राप्तीच्या मनुष्यासहि करतां येतो. मात्र आधीं प्रश्न ठरवावा आणि मग वस्तु घ्यावी. १९६० च्या दशकांतील 'टीस्को', सत्तरच्या दशकांतील एखादी नक्कल आणि ऐंशीच्या दशकांतील स्वतंत्र घडणीची एक, एवढ्या तीन गिटारींत हा सारा इतिहास मावतो. गळा सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें. रंग उडाला असल्यास हरकत नाहीं. 'दाव्याच्या काळांतली' असें सांगून विक्रेते वाटेल त्या गिटारीची किंमत चढवितात. त्यास भुलूं नये. एकच कारखाना अनेक नांवांनीं माल काढीत असे, म्हणून नांवापेक्षां घडण पाहावी. आणि वस्तु कोणाकडून आली, तिच्यावर काय वाजलें, हें त्याच दिवशीं वहींत लिहून ठेवावें.

हा मार्ग आपल्याला नवा नाहीं. पुण्यांत चष्म्यांचें दुकान चालविणारे दिनकर केळकर ह्यांनीं अडकित्ते, दिवे, वाद्यें अशा घरोघरच्या वस्तु आयुष्यभर गोळा केल्या, आणि १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंकडे कोणी वळून पाहत नव्हतें, त्यांतूनच आज आपल्या पणजोबांचा संसार डोळ्यांपुढें उभा राहतो. बेंजो हा अशाच वस्तूंपैकीं आहे.

खापरच्या त्या वादकास आम्हीं पुन्हां विचारलें, "ह्याच्या आधींचा बेंजो कुठें आहे?" तो हंसून म्हणाला, "वडिलांचा होता. बटणें गेलीं, मग भंगारांत दिला." त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याला सांजेला वरात वाजवावयाची होती, आणि मोडकें वाद्य वरात वाजवीत नाहीं. दोष असेल तर आम्हां शिकलेल्यांचा. नागोयाहून आलेली एक युक्ति सातपुड्याच्या पायथ्याशीं दोन पिढ्या वाजली, वाजतां वाजतां ती त्या घरची झाली, आणि त्या घडामोडीचा लांकडी पुरावा वजनावर विकला गेला. उसन्या वस्तूवर मालकी सांगण्याचा अधिकार ती वाजविल्यानें मिळतो. म्हणून "आपलाच" हें त्याचें उत्तर आम्हांस मान्य आहे. पण ती मालकी पुढच्या पिढीस दाखवावयाची असेल, तर पुढचा मोडका बेंजो भंगारवाल्याच्या आधीं आपल्यापैकीं कोणी तरी घरीं आणला पाहिजे.