राजापूर
राजापूर : रत्नागिरी जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि जुने खाडीबंदर. लोकसंख्या सु. 5 हजार (1901), सु. 10 हजार (2011). अर्जुना नदीकाठी, समुद्रापासून सु. 24 किमी. आत वसले आहे. अणुस्कुरा घाटामुळे ते देशाशी जोडले गेले. घाटावरचा माल येथे उतरे व जैतापूरमार्गे जहाजांवर चढे.

इतिहास : मुसलमानी अंमलाच्या आरंभी, 1312 मध्ये, एका परगण्याचे मुख्य गाव म्हणून राजापूरचा उल्लेख येतो. आदिलशाहीत त्याची भरभराट झाली. इंग्रजांनी 1649 च्या सुमारास येथे वखार घातली. मिरी, वेलदोडे व कापड ही त्यांची मुख्य खरेदी. राजापुरात ते परवान्यावर राहणारे व्यापारी होते. ही मर्यादा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने ओलांडली. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने शिवाजी महाराजांविरुद्ध पन्हाळ्याला घातलेल्या वेढ्यात सामील होऊन त्याने एप्रिल 1660 मध्ये इंग्रजी निशाणाखाली गडावर तोफा डागल्या.

शिवाजी महाराजांनी मार्च 1661 मध्ये राजापूर घेतले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टन, रिचर्ड टेलर, रँडॉल्फ टेलर, फिलिप गिफर्ड आदींना कैद केले. त्यांना साताऱ्याकडील वासोटा, तसेच सोनगड व रायगड येथे ठेवले होते. आजारी रेव्हिंग्टन आधी सुटला आणि त्याच वर्षी सुरतेस वारला. उरलेले 1663 च्या आरंभी सुटले. कैद ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाचे रक्षण केल्याने नव्हे, तर पन्हाळ्यावर गोळे टाकल्याने ओढवली, असे सुरतेच्या कौन्सिलनेच कैद्यांना लिहून कळविले. परक्या व्यापाऱ्याने राजकारणात हात घातला तर त्याची जबाबदारीही त्याच्यावर येते, हा दंडक महाराजांनी येथे घालून दिला.

नुकसानभरपाईची बोलणी बारा-तेरा वर्षे चालली. दरम्यान 1668 मध्ये मुंबई बेट वर्षाला 10 पौंड खंडाने कंपनीकडे आले आणि तिला पश्चिम किनाऱ्यावर स्वतःची भूमी मिळाली. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडी आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनने जून 1674 मध्ये तह केला. त्यात राजापूरबद्दल 10,000 होन भरपाई, राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारींची परवानगी आणि अडीच टक्के जकात ठरली. राजापूरची वखार पुन्हा उघडली, पण काही वर्षांतच बंद पडली. फ्रेंचांचीही येथे वखार होती. 1713 मध्ये गाव आंग्र्यांकडे, 1756 मध्ये पेशव्यांकडे व 1818 मध्ये इंग्रजांकडे गेले. खाडीकाठच्या वखारीच्या भक्कम दगडी इमारतीत पुढे सरकारी कचेरी होती.

प्रेक्षणीय स्थळे : धूतपापेश्वर मंदिर; जवळच उन्हाळे येथील गरम पाण्याचा झरा व चौदा कुंडांची, मधूनमधून प्रकटणारी गंगा.

उद्योग : आंबा, काजू, मासेमारी. खाडी गाळाने भरल्याने बंदर मागे पडले. कोकण रेल्वेचे ‘राजापूर रोड’ स्थानक.