पावशीपासून शेफच्या सुरीपर्यंत



आमच्या गोंदियाकडे विळीला पावशी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हा शब्द ऐकला नसेल म्हणून आधीच सांगून ठेवते. थोडं पूर्वेला गेलं की छत्तीसगडी बायका त्याच वस्तूला पहसुल म्हणतात. बंगालात ती बोटी, कर्नाटकात ईळिगे मणे, तेलुगू घरात कत्तिपीट. नावं वेगळी, पण बसायची तऱ्हा एकच. लाकडी पाटावर पाय किंवा गुडघा दाबून बसायचं, पातं आपल्याकडे धार करून उभं, आणि भाजी दोन्ही हातांत. सुरीत पातं फिरतं आणि भाजी पडून राहते. पावशीत पातं जागेवर असतं आणि भाजी फिरते. हा एवढासा फरक मला या वर्षी नीट कळला, तोही एका यादीमुळे.

माझ्या बहिणीच्या नातीला हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश मिळाला. कॉलेजने गणवेशाबरोबर सुऱ्यांची यादी दिली: शेफ नाइफ, पेअरिंग नाइफ, टर्निंग नाइफ, बोनिंग नाइफ, ब्रेड नाइफ, पीलर, धारेची सळई. यादी घरात आली आणि बोनिंग नाइफवर सगळे अडले. ही सुरी हाडापासून मांस सोडवायची. आमच्या घरात कांदा-बटाटाही येत नाही, तिथे ही वस्तू मुलीच्या बॅगेत जाणार! तिच्या आजोबांनी यादी घडी करून खिशात टाकली आणि विषय संपल्यासारखं केलं. मुलगी माझ्याकडे आली. "मावशीआजी, तुम्हीच काहीतरी सांगा ना त्यांना." मी बी.कॉम. बाई, सांगण्याआधी हिशेब आणि कागद बघणारी. म्हणून आधी वाचायला बसले. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे धारेचं लोखंड आपल्या विदर्भाला नवीन नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी खणलं तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली, सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. तिथल्या आणि माहुरझरीच्या शिळावर्तुळांत कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या निघाल्या. आपल्या शेजारच्या बालाघाट आणि मंडला भागात अगारिया लोक मातीच्या छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळत असत. वेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे कारखान्याचं स्वस्त लोखंड आलं आणि या भट्ट्या विझत गेल्या. मग गावच्या लोहाराने आणि गावोगाव पाल टाकणाऱ्या घिसाड्याने पावश्या केल्या त्या जुन्या लोखंडाच्या. माझ्या सासूबाईंची पावशी ट्रकच्या कमानपट्ट्याची होती. स्प्रिंगचं पोलाद चिवट असतं, धार चांगली धरतं. मात्र लिंबू किंवा कैरी चिरली की काळं पडतं. म्हणून काम झालं की लगेच पुसून, तेलाचं बोट फिरवून ती भिंतीला टेकवून ठेवायची.

पावशी गेली कशामुळे? धार कमी पडली म्हणून नाही. ओटा आला म्हणून गेली. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' निघालं तेव्हा चूल जमिनीवर होती आणि बाई पाटावर. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं तोवर शहरात गॅसची शेगडी आणि उभा ओटा आला होता. उभ्या बाईला विळी नको, फळी आणि सुरी हवी. गोंदियात हे सगळं आणखी उशिरा झालं. आमच्या घरी बरीच वर्षं दोन्ही होतं: ओट्यावर सुरी आणि खाली पावशी, कारण अख्खा कोहळा सुरीला दाद देत नसे. (अखंड कोहळ्याला पहिली चीर घरातल्या पुरुषाने द्यायची, हाही रिवाज. त्या एका चिरेवर पुरुषमंडळी वर्षभर स्वयंपाकात मदत केल्याचा आव आणत.)

आता परदेशी सुऱ्यांकडे येते, कारण दुकानात त्याच मांडलेल्या असतात. जर्मनीतलं झोलिंगेन हे सुऱ्यांचं गाव. तिथे १३ जून १७३१ रोजी पेटर हेंकेल्स याने कारागिरांच्या संघाकडे जुळ्यांचं चिन्ह नोंदवलं. आजच्या झ्विलिंगच्या सुरीवर तेच चिन्ह असतं. इंग्लंडात शेफिल्डला १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता. सुमारे १३ टक्के क्रोमियम घातल्यावर ते गंजेना, आणि बंदुकीआधी ते जेवणाच्या टेबलावरच्या सुरीत गेलं. आपल्या घरातलं स्टेनलेस स्टील ते हेच. सुरुवातीच्या त्या सुऱ्यांना धार लागत नाही म्हणून लोक थट्टा करीत. सासूबाईंनी पहिली स्टीलची सुरी हातात घेतली तेव्हा त्याही हेच म्हणाल्या होत्या.

पण मला खरं अडवून ठेवलं ते जपानने. तिथे इ.स. ६७५ मध्ये तेन्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली. बौद्ध धर्माचा तो प्रभाव. बंदी कडक पाळली गेली असं नाही, मासे तर चालूच होते, पण चार पायांच्या जनावराचं मांस पुढे बाराशे वर्षं तिथल्या घरगुती जेवणात मान्य नव्हतं. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने उघडपणे गोमांस खाल्लं आणि वारं फिरलं. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, आणि तलवारी घडवणारे कितीतरी लोहार स्वयंपाकघराच्या सुऱ्यांकडे वळले. तेव्हा पाश्चात्त्य धर्तीची जी सुरी तिथे रुळली, तिचं नाव ग्युतो. शब्दशः अर्थ गाईची सुरी! आज जगभरचे शेफ कोबी-गाजर चिरायला जी जपानी सुरी मिरवतात, तिचं नाव हे असं आहे. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

मात्र त्याच जपानात घरोघर आधीपासून एक दुसरी सुरी होती, नाकिरी. पातं आयताकृती, धार सरळ, टोक नाही. ती फक्त भाजीची. टोक नाही म्हणजे भोसकायला काही उपयोग नाही, सरळ खाली दाबायची की पालेभाजी पार फळीपर्यंत चिरली जाते, मागे धागा राहत नाही. पुढे विसाव्या शतकात ग्युतो आणि नाकिरी मिळून सांतोकू नावाची घरगुती सुरी झाली, नावाचा अर्थ तीन गुण. म्हणजे मांसाचा निषेध होता तेव्हा सुरी एका आकाराची, निषेध उठला तेव्हा दुसऱ्या. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग तीच नाकिरी घ्या." पहिली गाठ तिथे सुटली.

साकाई या जपानी गावाची सुऱ्यांची कीर्ती तंबाखूपासून वाढली, हेही सांगते, गोंदियाकरांना गंमत वाटेल. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात तंबाखू तिथे पोचला, आणि पान बारीक कापायच्या सुऱ्या साकाईचे लोहार करू लागले. आपल्याकडे तेंदूपत्ता आणि बिडीवर कितीतरी घरं चालली, पण बायकांच्या हातातली पान कापायची कात्री कोणत्याही इतिहासात शिरली नाही.

दुसरी गाठ जड होती. जैन घरच्या मुलीने असं शिक्षण घ्यावंच का? यावर मला लीलावती मुन्शी सापडल्या. जन्म १८९९, गुजराती जैन घरातल्या. पुढे कन्हैयालाल मुन्शींशी विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर धान्याचा तुटवडा होता तेव्हा अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेमार्फत त्यांनी काम उभारलं, आणि त्याच परिषदेने १९५४ साली मुंबईत केटरिंग कॉलेज काढलं. दादरचं म्हणून जे ओळखतात तेच. देशातली या प्रकारची पहिली संस्था. म्हणजे आज जिथे मुलं सुऱ्यांचं रोल उघडून उभी राहतात, त्या शिक्षणाचा पाया एका जैन घरात जन्मलेल्या बाईच्या पुढाकाराने पडला. अहमदाबादच्या सरकारी संस्थेने तर २०१६ पासून फक्त शाकाहारी पाककला शिकण्याचा पर्याय दिला. आमच्या मुलीच्या कॉलेजात तो नाही. तिने स्वतः शिक्षकांना विचारलं. उत्तर आलं की वर्गात हजर राहावं लागेल, वेगळी फळी आणि स्वतःची सुरी वापरता येईल, चव घेण्याची सक्ती नाही.

आजोबा अजून पूर्ण राजी नाहीत. त्यांचा मुद्दा सुरीच्या टोकापेक्षा खोल आहे आणि मला तो पटतो. आपल्याकडे भाजी 'कापत' नाहीत. मारवाडी घरात साग सुधारतात, गुजराती घरात शाक समारतात. हा शब्दांचा खेळ नाही. भेंडी उभी चिरून आत बघायची, वांगं उघडून बघायचं, शेंगेचा दाणा न् दाणा बघायचा, मग बारीक करायचं. जयणा म्हणतात ती हीच. पावशीवर ही सवय आपोआप लागे, कारण भाजी हातात, डोळ्यासमोर, एकेक. कॉलेजात शिकवतात ते वेगाने: दहा भेंड्यांची टोकं जुळवून एकदम खटाखट. वेग वाढला की बघणं जातं. आजोबांना भीती ती आहे. मुलगी म्हणते, "मी आधी उघडून बघेन, मग चिरेन, वेळ लागला तर लागू दे." परीक्षेत घड्याळ लावून उभं केल्यावर तिला हे जमेल का, ते मला सांगता येत नाही.

आता खरेदीचा हिशेब. दुकानदार बारा सुऱ्यांचा लाकडी ठोकळा दाखवतो, तो घेऊ नका. वर्षभर हातात दोनच राहतात, मोठी आणि छोटी. मोठी आठ इंची घेतली, दहा इंची तिच्या मनगटाला जड झाली. आपल्या मुली दुकानात लाजतात, पण सुरी हातात धरून, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पात्याचं मूळ पकडून, चिरल्यासारखं करून बघायलाच हवं. बोटांची पेरं फळीला घासली तर ती सुरी आपली नव्हे. जर्मन धर्तीचं पोलाद रॉकवेल मापात ५६ ते ५८ असतं, जपानी ६० च्या वर. कडक पोलादाची धार जास्त टिकते, पण आपटली तर कपरा उडतो. शिकाऊ हाताला मऊच बरं. दांड्यात पातं शेवटपर्यंत गेलेलं असावं, आणि दांडा ओल्या हातातून निसटू नये.

आम्ही आठ इंची शेफ नाइफ, साडेतीन इंची पेअरिंग आणि एक नाकिरी घेतली. टर्निंग नाइफ आणि ब्रेड नाइफ स्वस्तातली. बोनिंग नाइफ घेतली नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ती कॉलेजची वापरायची की नाही, हे तिने तिथे ठरवायचं, असं आजोबांनीच शेवटी म्हटलं. पीलर माझ्याकडून.

आणि एक दगड घेतला, १००० ग्रिटचा. सळईने धार लागत नाही, वाकलेली धार सरळ होते एवढंच. खरी धार दगडावरच लागते. कॉमर्सच्या पुस्तकात यंत्राच्या किमतीतून दरवर्षी घसारा वजा करायला शिकवतात. पावशीचा घसारा मी डोळ्यांनी पाहिला आहे. सासूबाईंच्या पावशीचं पातं मी लग्न होऊन आले तेव्हा दोन बोटं रुंद होतं, शेवटी अर्धं बोट राहिलं. पर्युषणाचे आठ दिवस हिरवी भाजी नसल्यामुळे तिला सुट्टी असे, आणि त्याच आठवड्यात धार लावणारा सायकल घेऊन आमच्या गल्लीत नेमका येई.

नाकिरीची पहिली भाजी परवा झाली, दुधी. मुलीने आधी मधोमध उभी चीर दिली, उघडून बघितला, मग फोडी केल्या. फोडी एकसारख्या नव्हत्या. आजोबांनी दोनदा घेतली.