दमास्कसची तलवार आणि दख्खनचे पोलाद

प्राचीन काळी आजच्यापेक्षा प्रगत तंत्रज्ञान अस्तित्वात होते व ते काळाच्या ओघात लुप्त झाले, असा दावा वेळोवेळी केला जातो. मुंबई विद्यापीठात जानेवारी २०१५ मध्ये भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा हा वाद नव्याने पेटला होता. वास्तविक ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची छाननी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर याच ग्रंथाच्या आधारे विमान उडवले, असे सांगणाऱ्यांना हा काळाचा मेळ घालता आलेला नाही.

मात्र विमानांच्या या गदारोळात खरोखर लुप्त झालेल्या एका विद्येकडे दुर्लक्ष होते. ही विद्या दक्षिण भारतातील मुशीतल्या पोलादाची. युरोपात ते ‘वूट्झ’ या नावाने ओळखले गेले. हा शब्द कन्नडमधील ‘उक्कु’चा अपभ्रंश मानला जातो.

आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम, म्हैसूरचा मुलूख, तामिळनाडू आणि श्रीलंका ही त्याची प्रमुख केंद्रे होती. भाताचा तूस कालवलेल्या मातीच्या लहान मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाची लाकडे आणि रुईची पाने भरून तोंड मातीने लिंपले जाई. अशा अनेक मुशी भट्टीत रचून भात्यांनी तासन् तास धग दिली जाई. पाने व लाकडातील कार्बन लोखंडात मुरे, लोखंड वितळे, आणि मूस सावकाश निवल्यावर आत पोलादाचा छोटा गोळा मिळे. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन असे. हे गोळे इराण आणि अरबस्तानात जात. कोनासमुद्रमला माल घेण्यासाठी इराणी व्यापारी स्वतः येत, अशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंद आहे. लाटांसारखी नक्षी असलेल्या सुप्रसिद्ध दमास्कस तलवारी याच जातीच्या पोलादाच्या.

त्या तलवारींभोवती दंतकथांचे मोठे जाळे आहे. हवेत टाकलेले रेशमी वस्त्र सलाहुद्दीनने लीलया कापले, ही कथा इतिहासाच्या साधनांपेक्षा वॉल्टर स्कॉटच्या १८२५ च्या ‘द टॅलिस्मन’ कादंबरीमुळे घरोघरी पोहोचली. शास्त्रज्ञांचे कुतूहल मात्र खरे होते. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरेडे यांनीही त्यावर प्रयोग केले, पण गुणांचे कारण त्यांना अचूक सापडले नाही. रशियात अनोसोव्ह यांना १८३० च्या दशकात बरेच यश आले. युरोपीय लोहारांची मुख्य अडचण साधी होती. ते सवयीने धातू पांढराशुभ्र होईपर्यंत तापवीत आणि घणाखाली त्याचा चुरा होई. एवढा कार्बन असलेले पोलाद त्याहून कमी तापमानालाच, लालसर असताना घडवावे लागते.

उरलेले कोडे अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि सुऱ्या घडविणारे कारागीर आल्फ्रेड पेंड्रे यांनी उलगडले. लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश असेल तरच ती नक्षी उमटते, हे त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. म्हणजे कारागिरी जितकी महत्त्वाची, तितकेच खनिजही. ज्या खाणीत हा अंश होता ती संपली किंवा बदलली, की तीच कृती करूनही तीच तलवार होईना. कारण लोहारांनाही ठाऊक नव्हते, मग ते शिष्याला काय सांगणार? त्यातच एकोणिसाव्या शतकात कारखान्यातील स्वस्त पोलादाने बाजार व्यापला आणि मुशींच्या भट्ट्या विझल्या.

मग हे पोलाद आजच्यापेक्षा सरस होते काय? आपल्या काळात ते बहुतेक ठिकाणच्या पोलादापेक्षा निश्चितच सरस होते. परंतु प्रयोगशाळेत तपासलेली अनेक पाती अपेक्षेपेक्षा मऊ आढळली, आणि काहींतील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणाने धातू ठिसूळ होण्याचा धोका होता. आजचे उत्तम हत्यारी पोलाद कणखरपणात त्यांना सहज मागे टाकते, शिवाय प्रत्येक वेळी सारखेच निघते. ड्रेस्डेनच्या संशोधकांना २००६ मध्ये एका पात्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्या, तेव्हा ‘प्राचीन नॅनो तंत्रज्ञान’ असे मथळे झळकले. या निरीक्षणाविषयी खुद्द व्हरहोवेन साशंक होते. आणि नळ्या असल्याच, तरी त्या तयार करण्याचा घाट लोहाराने घातला होता असे त्यातून सिद्ध होत नाही.

फॉस्फरसचीच गोष्ट दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभात उलटी फिरते. सुमारे सात मीटर उंच, सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ गुप्तकाळातला, म्हणजे सोळाशे वर्षांचा. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवल्याप्रमाणे त्याच्या लोखंडात सुमारे पाव टक्का फॉस्फरस आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला. दिल्लीच्या कोरड्या हवेनेही साथ दिली, कारण जमिनीखालच्या भागाला गंज चढलेला आढळला. आजचे कारखाने फॉस्फरस मुद्दाम काढून टाकतात, कारण पूल आणि रेल्वेचे रूळ ठिसूळ होऊन चालत नाहीत. एवढा अजस्र नग ठोकून जोडणे ही मात्र त्या काळच्या लोहारांची निर्विवाद कर्तबगारी आहे.

पाठ टेकून या स्तंभाला मागे हात घालून कवटाळले, तर इच्छा पूर्ण होते, अशी समजूत आहे. रोजच्या हजारो हातांनी तो खालून घासला जाऊ लागला. पावसाला पुरून उरलेला तो थर तेवढ्याच पट्ट्यात जाऊ लागल्याने १९९७ मध्ये स्तंभाभोवती कुंपण घालण्यात आले.