उसनी अनेकवचने आणि इंग्रजीतील एकवचन

इंग्रजीत लेखन करणाऱ्या संशोधकास ‘डेटा’ या शब्दाबरोबर क्रियापद एकवचनी योजावे की अनेकवचनी, असा प्रश्न वारंवार पडतो. लॅटिनमधील ‘डेटम’ या नपुंसकलिंगी शब्दाचे हे अनेकवचन. सबब त्यास एकवचन मानणे अशुद्ध, असा काटेकोर वैयाकरणांचा आक्षेप आहे. भाषेतिहासाच्या कसोटीवर तो कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

‘अजेंडा’ म्हणजे मूळ अर्थाने ‘करावयाच्या गोष्टी’. हे अनेकवचन आज इंग्रजीत एकवचनी असून त्यापासून ‘अजेंडाज’ असे नवे अनेकवचनही सिद्ध झाले आहे. ‘स्टॅमिना’ हे ‘स्टेमेन’ म्हणजे ताण्याचा धागा याचे अनेकवचन. पुढे ‘स्टेमेन’ वनस्पतिशास्त्रात पुंकेसराचा वाचक झाला, तर ‘स्टॅमिना’ दम या अर्थी एकवचनी बनला. ‘बायबल’चे उदाहरण याहून जुने आहे. ‘पुस्तके’ या अर्थाचे ग्रीक ‘बिब्लिआ’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन मध्ययुगीन लॅटिननेच स्त्रीलिंगी एकवचन मानले व ते फ्रेंचमार्फत इंग्रजीत आले. ज्या लॅटिनचा दाखला आक्षेपक देतात, तिनेही उसन्या अनेकवचनाचे बंधन पाळलेले नाही.

तथापि ‘क्रायटेरिया’ किंवा ‘फिनॉमिना’ एकवचनी योजल्यास सुशिक्षितांस आजही खटकते. कारण ‘क्रायटेरियन’ व ‘फिनॉमिनॉन’ ही एकवचने प्रचारात आहेत. मूळ एकवचन लुप्त झाले किंवा अर्थाने दुरावले म्हणजे अनेकवचनास त्याची जागा घेणे सुकर होते, असे यावरून दिसते. ‘डेटा’ या दोहोंच्या मध्ये आहे. ‘डेटम’ विरळ झाला, परंतु नष्ट झाला नाही. म्हणूनच शास्त्रीय लेखनात अनेकवचन आणि संगणकक्षेत्रात एकवचन, असे दोन्ही प्रयोग शिष्टसंमत आहेत.

आपल्या भाषेचा अनुभवही निराळा नाही. ‘अहवाल’ हे अरबी ‘हाल’ या शब्दाचे अनेकवचन. मराठीत मात्र आपण ‘एक अहवाल’ लिहितो. उलट मुळातला एकवचनी ‘हाल’ मराठीत कष्ट या अर्थी अनेकवचनी झाला : ‘प्रवाशांचे हाल झाले’. यात कोणी दोष काढीत नाही.

तात्पर्य, मूळ भाषेतील वचन हा शब्दाचा पूर्वेतिहास होय. त्याचे आजचे वचन ठरविण्याचा अधिकार त्यास स्वीकारणाऱ्या भाषेचा आहे. संशोधकाने ‘डेटा’ कोणत्याही वचनात योजावा. एका प्रबंधात मात्र एकच वचन राखावे.