लिमाट नदी, दुपारी तीन

१७ जानेवारी १५२५. झुरिकच्या नगरसभेपुढे वाद: तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा का? एका बाजूला शहराचा धर्मसुधारक उल्रिख झ्विंग्ली, समोर त्याच्याच तालमीतले कॉनराड ग्रेबेल आणि फेलिक्स मान्झ. ज्याला काही कळतच नाही त्याची श्रद्धा कसली, हा या तरुणांचा सवाल. गंमत अशी, की एके काळी झ्विंग्लीलाही हे पटत होते. त्याने तसे कबूलही केले आहे. पण भांडणाचे मूळ १५२३ मधले. धर्मसुधारणा कुठवर आणि केव्हा, हे कुणी ठरवायचे? झ्विंग्लीने ते नगरसभेवर सोडले. फूट तिथेच पडली, बाप्तिस्मा हे निमित्त.

१८ जानेवारी. निकाल: आठ दिवसांत मुलांचा बाप्तिस्मा करा, नाहीतर शहर सोडा.

२१ जानेवारी, संध्याकाळ. निकाल झुगारून जमलेल्या सोबत्यांपैकी जॉर्ज ब्लाउरॉकला ग्रेबेलने बाप्तिस्मा दिला, ब्लाउरॉकने बाकीच्यांना. विरोधक त्यांना ‘अ‍ॅनाबाप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, म्हणू लागले. त्यांना ते नाव मान्य नव्हते. लहानपणीचा बाप्तिस्मा ते मोजतच नव्हते, मग ‘पुन्हा’ कुठून आले?

७ मार्च १५२६. ग्रेबेल, मान्झ आणि ब्लाउरॉक, तिघांनाही जन्मठेप. त्याच दिवशी फर्मान: यापुढे कुणी पुन्हा बाप्तिस्मा देईल तर त्याला बुडवून मारायचे. पाण्याच्या गुन्ह्याला पाण्याचीच शिक्षा! दोन आठवड्यांत तिघे तुरुंगातून निसटले. ग्रेबेल त्याच वर्षी प्लेगने गेला. मान्झ आणि ब्लाउरॉक डिसेंबरमध्ये पुन्हा पकडले गेले.

५ जानेवारी १५२७, शनिवार. झुरिकच्या लिमाट नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या वेलेनबर्ग बुरुजातून मान्झला बाहेर काढले. मासळीबाजारात शिक्षा वाचून दाखवली. जल्लादाने काय करायचे तेही निकालपत्रात होते: हात बांधायचे, होडीत बसवायचे, बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली सरकवायचे, मग हात आणि पाय यांच्यामधून काठी घालायची. माणसाचे पुरते गाठोडे. निकाल लिहिणाऱ्याचा हात किती सराईत असेल!

शेवटची काही मिनिटे. होडी निघाली. काठावरून आई आणि भाऊ ओरडून सांगत होते, डगमगू नकोस. सोडवा, असे नव्हे, डगमगू नकोस! मान्झने मोठ्याने लॅटिनमध्ये आपला आत्मा देवाच्या हाती सोपवला.

दुपारी तीन. जानेवारीच्या पाण्यात त्याला लोटले. प्रॉटेस्टंटांनी मारलेला हा पहिला अ‍ॅनाबाप्टिस्ट. वय तिशीच्या आसपास.

त्याच दिवशी ब्लाउरॉकला फटके मारत वेशीबाहेर हाकलले. तो झुरिकचा नागरिक नव्हता, म्हणून बुडवला नाही. अडीच वर्षांनी टिरोलमध्ये कॅथलिक सत्तेने त्याला जिवंत जाळले.

मान्झची मालमत्ता नगरसभेने जप्त केली.